आंब्याची पेटी मुंबईत पोचेपर्यंत बागायतदाराच्या हातात काय उरतं? परदेशी फळं आणि गाडीभाडं, यावर काय करता येईल

देवगडकर_कांजूर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज लिहितोच. मी कांजूरमार्गला राहतो, नोकरी इकडेच, पण घरची बाग देवगड तालुक्यात आहे आणि मोठा भाऊ ती बघतो. तीनशेच्या आसपास कलमं, त्यातली निम्मी आजोबांनी लावलेली. दरवर्षी मार्च संपता संपता मी आठ-दहा दिवस रजा टाकून जातो, घळीने (जाळी लावलेल्या काठीने) आंबा उतरवायचा, सावलीत निवडायचा, पेट्या भरायच्या आणि संध्याकाळी सहाच्या आत रस्त्यावर आणून ठेवायच्या कारण गाडी थांबत नाही, उशीर झाला तर माल दुसऱ्या दिवसावर जातो आणि वाशीच्या घाऊक फळबाजारात दुसऱ्या दिवशी भाव काय असेल ते देवालाच माहीत.

गेल्या एप्रिलमध्ये भावाबरोबर पट्ट्या (व्यापाऱ्याकडून येणाऱ्या विक्रीच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या) घेऊन बसलो होतो. पाच डझनी पेटी 1500 ला गेलेली. आता हिशोब बघा, लाकडी पेटी, पेंढा, कागद, खिळे मिळून 120. काढणी आणि भरणीचे गडी पेटीमागे 140. गावातून वाशीपर्यंत भाडं 110. हमाली-तोलाई 30. आणि 150 रुपये ‘इतर खर्च’. हा इतर खर्च म्हणजे आडतच, माल विकून देणाऱ्या व्यापाऱ्याचं कमिशन. 2016 पासून फळं-भाजीची आडत शेतकऱ्याकडून कापायची नाही, ती खरेदीदाराने द्यायची असा नियम झालाय, पण आमच्या पट्टीवर ती दुसऱ्या नावाने येतेच आणि भावाने एकदा फोनवर विचारलं तर पुढच्या तीन पट्ट्या पडेल भावाच्या आल्या, मग त्याने विचारणंच सोडलं. सगळं मिळून 550 गेले. उरलेल्या 950 मधून वर्षभराच्या फवारण्या, खत, राखणीच्या गुरख्याचा पगार. फुलकिडे यायला लागल्यापासून नुसत्या औषधांचाच खर्च अंगावर येतो.

त्याच आठवड्यात मी परत आलो आणि भांडुप स्टेशनच्या बाहेर तसलाच आंबा 700 रुपये डझन. म्हणजे पेटीचे 3500. आणि त्याच गाडीवर शेजारी चकचकीत स्टिकरवाली परदेशी सफरचंदं, 180 किलो. माझ्या पुढच्या बाईंनी आंबा हातात घेतला, वास घेतला, भाव विचारला आणि खाली ठेवून सफरचंद घेतलं. त्यांचं काय चुकलं, मुलांच्या डब्याला महिनाभर टिकतं, आत साका (गरातला खराब पांढरा भाग) निघेल ही भीती नाही. पण मला त्या क्षणी भावाचा चेहरा दिसला. आपल्या आंब्याची स्पर्धा परदेशी आंब्याशी नाहीच (मलावीचा हापूस वाशीला येतो तो नोव्हेंबर-डिसेंबरात, आपला हंगाम वेगळा), स्पर्धा आहे ती त्या बाईंच्या पर्समधल्या फळांसाठी ठेवलेल्या दोनशे रुपयांशी.

तर प्रश्न असा आहे की आयातीवर ड्युटी वाढवा ही मागणी खरंच बागायतदाराला वाचवते का, की गाडीभाडं आणि मधली कापाकापी हेच मूळ दुखणं आहे? आणि आपण मुंबईत बसलेले लोक काय करू शकतो? ज्यांचा या धंद्याशी संबंध आहे त्यांनी मनापासून लिहा प्लीज, भावाला वाचून दाखवणार आहे. यंदा तो म्हणतोय की रस्त्याकडची चाळीस कलमं काढून जागा विकूया.

सामान्य_विरारकर

भाऊ वाईट वाटलं वाचून पण एक बाजू सांगतो. माझा पगार 24 हजार, घरात पाच माणसं. परदेशी माल बंद केला किंवा ड्युटी वाढवली तर सफरचंद 300 होईल आणि मग माझी पोरं फक्त केळी खातील. केळी चांगलीच आहेत पण सांगायचा मुद्दा हा की शेतकऱ्याला वाचवायचा खर्च माझ्यासारख्याच्या ताटातून काढू नका. मधे जे 2000 रुपये गायब झाले ते शोधा आधी.

न्हावाशेवा_कागदपत्रं

मी पंधरा वर्षं बंदरावर आयात माल सोडवायच्या (क्लिअरिंगच्या) कामात आहे, फळांचे कंटेनर रोज बघतो, म्हणून ड्युटीबद्दल जेवढं पक्कं माहीत आहे तेवढं लिहितो.

सफरचंदावर सध्या सर्वसाधारण ड्युटी एकूण 50 टक्के. हिमाचल-काश्मीरचे बागायतदार कधीपासून 100 टक्के करा म्हणतायत, पण डब्ल्यूटीओमध्ये (जागतिक व्यापार संघटनेत) आपण सफरचंदासाठी 50 चीच मर्यादा बांधून घेतलीय, त्याच्या वर सरळसरळ जाता येत नाही. अमेरिकेच्या सफरचंदावर 2019 मध्ये जादा 20 टक्के बसवले होते, तो वेगळ्या भांडणाचा भाग होता, 2023 मध्ये ते काढले. मग मे 2023 मध्ये सरकारने दुसरी वाट धरली, किलोला 50 रुपयांपेक्षा कमी सीआयएफ भाव असलेलं सफरचंद देशात आणायचंच नाही, फक्त भूतानला सूट. सीआयएफ म्हणजे माल, विमा आणि बोटीचं भाडं धरून आपल्या बंदरापर्यंतचा भाव. म्हणजे 50 चा माल, वर 25 ड्युटी, 75 च्या खाली तो बंदराबाहेर पडताच कामा नये.

कागदावर हे चांगलं आहे. पण समजा खरा भाव 35 असेल आणि बिलावर 50 दाखवला तर बंदरावर बसलेला माणूस काय करणार, फरकाचे पैसे दुसऱ्या वाटेने परत जातात अशी बागायतदारांची तक्रार आहे. दुसरी तक्रार अफगाणिस्तानच्या वाटेची. साफ्टा या दक्षिण आशियाई देशांच्या व्यापार करारामुळे अफगाणी मालाला ड्युटी नाही, मग इराणचं सफरचंद अफगाणी म्हणून येतं असं ते म्हणतात. म्हणून माझं मत असं की ड्युटीचा आकडा वाढवण्यापेक्षा माल कुठल्या मातीतला आहे ते नीट तपासा आणि दुकानात फळाच्या ढिगाऱ्यावर देशाचं नाव ठळक लावायला भाग पाडा. आत्ता स्टिकर असतो तो नखाएवढा, वाचणार कोण.

आता भाड्याचं. चाळीस फुटी रीफर (आतून थंड ठेवलेल्या) कंटेनरात वीसेक टन फळ बसतं, तिकडच्या कोल्ड स्टोअरमध्ये दार लागतं ते डायरेक्ट इकडच्या कोल्ड स्टोअरमध्ये उघडतं. मधे कुणी हात लावत नाही. हजारो किलोमीटरचं भाडं किलोवर विभागलं की फार वाटत नाही. तुमचा आंबा साडेचारशे-पाचशे किलोमीटरच येतो पण किती वेळा चढतो उतरतो ते मोजा. बागेतून रस्त्यावर, रस्त्यावरून गाडीत, गाडीतून बाजारातल्या व्यापाऱ्याच्या गाळ्यावर, गाळ्यावरून टेम्पोत, टेम्पोतून हातगाडीवर. दर वेळी पैसे आणि दर वेळी दोन फळं दबतात.

आणि वाहतूक किती मारते ते काश्मीरने दाखवलंय. सप्टेंबर 2025 मध्ये श्रीनगर-जम्मू हायवे दरडींमुळे अडकला, ट्रकच्या ट्रक सफरचंद रस्त्यावर सडलं. मग रेल्वेने बडगामहून दिल्लीसाठी पार्सल गाडी सोडली. ज्या शेतकऱ्याचा माल ट्रकमध्ये सडला त्याला कितीही ड्युटी लावून काय मिळणार होतं सांगा.

देवगडकर_कांजूर

@न्हावाशेवा, धन्यवाद दादा, इतकं स्पष्ट कुणी सांगितलं नव्हतं. चढ-उताराचं तुम्ही म्हणालात ते शंभर टक्के खरं. आम्ही कोकण रेल्वेचा पण विचार केला होता. पण गाडी स्टेशनात दोन-पाच मिनिटं थांबते, तेवढ्यात किती पेट्या चढवणार, आणि बागेतून स्टेशन लांब, मग पनवेलला उतरवून परत वाशीला टेम्पो. भाडं वाचतं ते दोन जादा हमाल्यांत जातं. हायवेचं तर बोलायलाच नको, 2011 पासून काम चालू आहे. आमच्याकडच्या कित्येक गाड्या फोंडा घाट चढून कोल्हापूरवरून पुण्याला आणि मग खाली येतात, लांब पडतं, टोल पडतो, पण माल हेलकावत नाही.

तुर्भे_फळबाजार

थोडं रागाने लिहितोय, माफ करा. प्रत्येक वेळी हिशोब काढला की हमालीवर बोट ठेवतात. माझे वडील माथाडी, आधी क्रॉफर्ड मार्केटला होते, 1996 ला फळबाजार वाशीला आला तेव्हा इकडे आले. गाव पाटण तालुक्यात. आंब्याच्या सीझनला रात्री दोनला घर सोडायचे, सकाळी अकराला परत, मान वाकडी व्हायची, खांद्यावर लाकडाच्या पेटीचे वण कायमचे. 1969 चा माथाडी कायदा झाला नसता तर आमच्यासारख्यांच्या घरात ना प्रॉव्हिडंट फंड आला असता ना दवाखाना. पेटीमागे 30 रुपये तुम्ही लिहिले त्यात माथाडीच्या हातात काय पडतं ते पण विचारा कधीतरी.

बाकी तुमचं दुःख खरं आहे हे मीच सांगतो कारण मी तिथे वाढलोय. माल पहाटे येतो, उन्हं वर यायच्या आत विकला गेला नाही तर भाव कोसळतो, आणि शेतकरी तिकडे पाचशे किलोमीटर लांब, त्याला फोनवर सांगतील तोच भाव. एकदा तरी भावाला घेऊन या, पहाटे तीनला गाळ्यावर उभं राहा, डोळ्यांनी बघा आपली पेटी कुणी कितीला घेतली. मी येतो सोबत. आणि एक काम करा, वेगवेगळ्या गाळ्यांवर थोडा थोडा माल पाठवा, एकाच्याच भरवशावर राहू नका. व्यापाऱ्याकडून उचल (आगाऊ पैसे) घेतली असेल तर मात्र हे जमणार नाही ते मला माहीत आहे. घेतलीय का?

देवगडकर_कांजूर

घेतलीय. पावसाळ्यात फवारणी-खतासाठी 2 लाख. तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा, हमालीबद्दल मी नुसता आकडा लिहिला, त्या माणसांवर माझा रोख नव्हता.

तासगावचा_लालबागेत

आमच्याकडे बेदाणा. लोकांना वाटतं द्राक्षवाले श्रीमंत. चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा होतो, मणी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या पाण्यात बुडवायचे, शेडमधल्या जाळ्यांवर पंधरा दिवस सुकवायचे, रात्रीचं आभाळ भरून आलं की घरातली म्हातारी माणसंसुद्धा ताडपत्री घेऊन धावतात. एवढं करून सांगली-तासगावच्या सौद्यात बसायचं आणि ऐकायचं की बाजारात चीनचा बेदाणा आलाय. 2025 मध्ये हाच घोळ झाला, नेपाळच्या वाटेने चीनचा बेदाणा चोरून आत येतोय अशी द्राक्ष बागायतदार संघाने सरकारकडे तक्रार केली. असल्या मालाने ड्युटी भरलेलीच नसते, तर ड्युटी 50 असो की 100, त्याला काय फरक पडतो? म्हणून न्हावाशेवावाल्या दादांचं पटलं, तपासणी पाहिजे, आणि ती बंदरावरच नाही तर मशीद बंदरच्या, वाशीच्या गोदामात पण पाहिजे.

दुसरं, आपण निर्यात करतो तेव्हा समोरचा देश आपल्याला काय करतो ते पण बघा. बांगलादेशाने आपल्या संत्र्यावरची ड्युटी 2019 ला किलोला 20 रुपये होती ती चढवत चढवत 2023 पर्यंत 88 वर नेली. विदर्भातल्या वरुड-मोर्शीचा माल तिकडे जायचा तो इकडेच तुंबला आणि भाव पडला. तेव्हा राज्य सरकारला त्यातला अर्धा भार उचलायची घोषणा करावी लागली. म्हणजे ड्युटी हे दुधारी आहे. फक्त दुसऱ्यांचं येऊ देऊ नका म्हणून भागत नाही.

भाड्यात मदत मात्र करता येते आणि ती केलेली आहे. किसान रेल आठवते का? ऑगस्ट 2020 ला पहिली गाडी देवळालीहून दानापूरला गेली, मग सांगोल्याहून सुटायला लागली, आमच्या भागातलं डाळिंब, द्राक्ष, सिमला मिरची सगळं त्यात. भाड्यात 50 टक्के सूट होती. माझ्या मामाने डाळिंब पाठवलेलं, पहिल्यांदाच व्यापाऱ्याला तो नाही म्हणू शकला कारण त्याच्याकडे दुसरा रस्ता होता. मार्च 2022 ला सूट संपली आणि गाड्या पण आटल्या. ते परत चालू करा म्हणून का कुणी मोर्चा काढत नाही कळत नाही मला. आयातीवर भाषणं सगळे करतात.

सामान्य_विरारकर

@तासगावचा, हे पटलं. भाड्यात सूट दिली तर शेतकऱ्याला दोन पैसे जास्त आणि मला फळ महाग नाही. याला माझा पाठिंबा.

सफाळे_मालडबा

मी फार शिकलेली नाही, मुलगी टाईप करून देतेय. आमची चिकूची थोडी झाडं आणि जांभूळ. मी वीस वर्षं लोकलच्या मालडब्यातून दादरला येते. पहाटेची गाडी, दोन टोपल्या, पाटीवर ओला कपडा. जून लागला की जांभळं, आमच्या बाजूच्या बहाडोलीच्या जांभळाला आता जीआय (भौगोलिक मानांकन) पण मिळालंय. जांभूळ एका दिवसात विकलं नाही तर फेकायचं, त्याला कोल्ड स्टोरेज वगैरे काही नाही.

आम्हाला गाडीभाडं परवडतं कारण मालाचा पास आहे. पण गर्दीच्या वेळी मालडब्यात माणसंच चढतात, टोपली ठेवायला जागा नाही, कधी पाय पडतो, दोन किलो माल तिथेच गेला. तुम्ही मोठ्या गाड्यांचं बोलताय, आमची मागणी एवढीच की मालडबा मालासाठी ठेवा. आणि दादरला बसायला जागा द्या, रोज उठवतात.

तुमच्या भावाला सांगा झाडं विकू नका. माझ्या सासऱ्यांनी विकली होती पंचवीस, आता तिथे गोडाऊन आहे आणि आम्ही त्याच्या सावलीत चिकू मोजतो.

मुलुंडची_वैशाखी

सफाळेच्या मावशी, तुमचं वाचून घसा दाटला. जूनमध्ये मी दादरला येईन तेव्हा शोधते तुम्हाला.

@देवगडकर, आम्ही मुंबईत बसून काय करू शकतो असं विचारलंत म्हणून आमचा अनुभव सांगते. आमच्या सोसायटीत 140 फ्लॅट आहेत. दोन वर्षांपूर्वी आम्ही चार जणींनी ठरवलं की आंबा थेट बागेतून आणायचा. पहिल्या वर्षी भांडणंच झाली. लोकांना वाटलं पेटी उघडली की पिवळा आंबा हातात, आणि आले हिरवे कडक. पार्किंगमध्ये पेट्या उघडल्या, सगळीकडे पेंढा, आणि एक काका ओरडतायत की कच्चा माल आणून फसवलं. मग मला व्हॉट्सॲपवर व्हिडिओ करून टाकावा लागला की अढी कशी लावायची, देठ वर ठेवून एक थर, रोज हात फिरवून पिकलेला वेगळा काढायचा, फ्रीजमध्ये घालायचा नाही. आमच्या आईने हे सगळं कॉटखाली केलेलं बघितलंय मी, पण आजूबाजूच्या मुलींना खरंच माहीत नव्हतं.

दुसऱ्या वर्षी 62 पेट्या गेल्या. काही गोष्टी अनुभवाने शिकलो. पैसे ॲडव्हान्स घ्यायचे, म्हणजे बागवाल्याला दुसऱ्याकडून उचल घ्यावी लागत नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं, आत्ता तुमचा उचलीचा रिप्लाय वाचून तर अजूनच वाटलं. साका निघणारच, हापूसमध्ये तो कापल्याशिवाय कळत नाही, म्हणून आमचे बागवाले पाच डझनाच्या पेटीत तीन फळं वर घालतात आणि मग कुणी तक्रार करायची नाही असं ठरलेलं आहे. वजन बघून भाव, मोठं फळ चार डझनी, लहान सहा डझनी. आणि सगळ्या पेट्या एकाच दिवशी नकोत, तीन खेपांत.

आम्ही पेटीला 2200 देतो. त्यांना वाशीपेक्षा चांगले सुटतात, आम्हाला स्टेशनपेक्षा स्वस्त पडतं. फक्त टेम्पोचं भाडं एका सोसायटीला जड जातं, म्हणून शेजारच्या दोन सोसायट्या जोडल्या. एक गाडी, तीन गेट.

अस्सल आहे का हा प्रश्न प्रत्येक जण विचारतोच. हापूसला 2018 मध्ये जीआय मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर एवढ्याच जिल्ह्यांचा आंबा हापूस म्हणून विकता येतो, तरी कर्नाटकचा आंबा देवगडच्या बॉक्समध्ये सर्रास असतो. तो पण कुणा शेतकऱ्याचाच आहे, माझा त्याच्यावर राग नाही, त्याच्या नावाने विका ना. तुमच्याकडे जीआयची नोंदणी आहे का? नसेल तर ती पहिली करून घ्या.

देवगडकर_कांजूर

ताई, भावाला फोनवर तुमचा अख्खा रिप्लाय वाचून दाखवला. बराच वेळ काहीच बोलला नाही, मग म्हणाला 2200 खरंच देतात का. मी म्हटलं स्वतः विचार. जीआयची नोंदणी आहे आमची. गेल्या हंगामापासून तालुक्याच्या उत्पादक संस्थेने फळावर लावायचे युनिक कोडचे स्टिकर काढलेत ते पण घेता येतील, एकेक लावायला वेळ जातो म्हणून भाऊ कंटाळा करत होता, आता बघू.

सगळा माल असा जाणार नाही हे मला कळतं. अकराशे-बाराशे पेट्या होतात चांगल्या वर्षी, मुंबईतल्या ओळखीपाळखीत दोनशे गेल्या तरी पुष्कळ. बाकीच्या वाशीलाच. पण दोनशे पेट्यांचे पैसे मार्चमध्ये हातात आले तर उचल फिटते, आणि मग तुर्भेवाले म्हणतात तसं दोन-तीन गाळ्यांना माल देता येईल. भावाचं तेवढंच म्हणणं होतं, उचल फिटली तर चाळीस कलमांचं परत बघू.

@तुर्भे, पहाटे तीनला नक्की येतो, भाऊ पण यायला तयार आहे. 5 एप्रिलनंतरचा कुठला दिवस चालेल सांगा.

@तासगावचा, किसान रेलची सूट परत मागायचं निवेदन तुम्ही लिहिता का? द्राक्ष, डाळिंब, आंबा, चिकू सगळ्यांचं एकत्र. आमच्या गावातून सह्या मी आणतो. त्यात सफाळेच्या मावशींचा मालडबा पण घाला, ती पण रेल्वेच आहे.

तासगावचा_लालबागेत

लिहितो. रविवारी बसतो. कोकण रेल्वेवर हंगामापुरता एखाद्या स्टेशनात जास्त वेळ थांबा आणि तिथे माल ठेवायला शेड, हे पण टाकतो, कारण दोन मिनिटांत पेट्या चढणार नाहीत हे तुम्ही सांगितलंत ते दिल्लीत बसलेल्याला माहीत नसणार.

सफाळे_मालडबा

सह्या आमच्या गाडीतल्या बायकांच्या पण घ्या. साठ तरी होतील. काही जणी अंगठा लावतील, चालतो का?

मुलुंडची_वैशाखी

@देवगडकर, भावांना सांगा खरंच देतो, आणि पहिल्या खेपेला आमच्या 20 पेट्या पक्क्या धरा, पैसे येत्या शनिवारी गोळा करते. आमचे आधीचे बागवाले यंदा मोहोर गळल्यामुळे कमीच देणार आहेत. तुमचा टेम्पो किती फुटी आहे ते कळवा, आमच्या गेटला कमान आहे, उंच गाडी आत येत नाही, मग नाक्यावर उतरवून हातगाडीने आणावं लागेल. त्यासाठी दोन माणसं मी सांगून ठेवते, त्यांची मजुरी आम्ही देऊ.